स्की बर्फावरून घसरतच नाही, म्हणजे तसं बघायला गेलं तर

परवा रात्री भाचीचा फोन आला. नववीत आहे. "मामा, बर्फावर स्केटिंग करता येतं कारण पात्यांच्या दाबाने खालचा बर्फ वितळतो, हे असंच लिहायचं ना? गाइडमध्ये दोन मार्कांना आहे." आणि मी त्यावेळी नेमका लॅपटॉपवर २०२३-२४ च्या स्की वर्ल्ड कपच्या जुन्या शर्यती बघत बसलो होतो (बायकोच्या मते हे व्यसन आहे, पुण्यात राहून स्कीइंग बघणं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहायला शिकणं). तिला म्हटलं अगं थांब, हे उत्तर मीही दहावीला लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते, पण ते चूक आहे. मग ती म्हणाली बरोबर काय ते सांग, आणि फोन तासभर चालला. तेच इथे लिहितोय.

आधी हा वर्ल्ड कप काय ते थोडक्यात. पायाला स्की म्हणजे लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायच्या शर्यती. क्रिकेटसारखा चार वर्षांतून एकदा नसतो, दर हिवाळ्यात असतो, १९६७ पासून. ऑक्टोबरच्या शेवटी ऑस्ट्रियात सोल्डनच्या हिमनदीवर सुरू होतो आणि मार्चमध्ये संपतो, मधल्या काळात दर वीकेंडला कुठल्यातरी डोंगरावर शर्यत. पहिल्याला १०० पॉइंट, दुसऱ्याला ८०, असं करत तिसाव्या नंबरपर्यंत, आणि सीझनअखेर ज्याची बेरीज जास्त त्याला मोठा क्रिस्टलचा गोळा. २०२३-२४ मध्ये तो स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाटने सलग तिसऱ्यांदा नेला, बायकांमध्ये त्याच देशाच्या लारा गुट-बेहरामीने, तिचा आधीचा गोळा २०१६ चा म्हणजे मध्ये आठ वर्षं गेली.

पण माझ्या लक्षात राहिली ती या सीझनची पहिलीच शर्यत. २८ ऑक्टोबर २०२३, सोल्डन, बायकांची जायंट स्लॅलम (उतारावर रोवलेल्या गेटांमधून वळणं घेत उतरायची शर्यत). नॉर्वेची रागनहिल्ड मोविंकेल सहावी आली आणि थोड्या वेळाने बाद झाली. डोपिंग नाही, कुठलं गेट चुकवलं असंही नाही, तिच्या स्कीच्या तळाला फ्लोरिनचा अंश सापडला. फ्लोरिन असलेल्या वॅक्सवरची बंदी त्याच सीझनपासून लागू झाली होती आणि वर्ल्ड कपमध्ये त्या नियमाखाली बाद झालेली ती पहिलीच. आता तळाला लागलेल्या एवढ्याशा मेणासाठी कुणाला घरी का पाठवायचं, हे कळायला आधी स्की घसरते कशी ते कळायला पाहिजे, आणि इथेच ते गाइडवालं उत्तर आडवं येतं.

दाबाने बर्फ वितळतो हे खोटं नाही. शाळेतला तो प्रयोग आठवतो ना, बर्फाच्या लादीवरून बारीक तार टाकायची, दोन्ही टोकांना वजनं बांधायची, तार हळूहळू बर्फातून आरपार जाते आणि वरचा बर्फ परत जुळून जातो. ते खरंय. पण किती दाबाला किती फरक पडतो ते कुणी सांगत नाही. बर्फाचा वितळणबिंदू फक्त १ अंशाने खाली आणायला साधारण १३५ वातावरणांइतका दाब लागतो. आता स्कीअर बघा. ८० किलोचा माणूस, पायात दोन स्की, डाउनहिलच्या (सगळ्यात वेगवान शर्यत ती) स्की सव्वादोन मीटरच्या आसपास लांब आणि समजा ७ सेंटीमीटर रुंद. वजन एवढ्या क्षेत्रफळावर वाटलं गेलं की दाब येतो वातावरणाच्या दाबाच्या ३ टक्क्यांहून कमी. म्हणजे वितळणबिंदूला धक्का लागेल तो अंशाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. कुणी म्हणेल की स्की सगळीकडे टेकत नाही, बर्फाच्या कणांच्या टोकांवरच टेकते. मान्य, समजा शंभरातला एकच भाग टेकतो, दाब शंभरपट झाला, तरी २-३ वातावरणं, अंशाचा पन्नासावा भाग. आणि ही मंडळी उणे १० अंशातही सुसाट जातात! स्केटिंगच्या पात्याचं गणित थोडं बरं आहे पण तिथेही अर्ध्या अंशाच्या पुढे जात नाही. स्केटवर दाब, स्कीवर दाब, सगळीकडे दाब, आणि हिशोब कुणी करून बघितला नाही (पेपर काढणाऱ्यांनीसुद्धा).

मग खरं काय, तर घर्षण. हा भाग मला प्रचंड आवडतो त्यामुळे जरा लांबणार आहे.

स्की आणि बर्फामधलं घर्षण खूप कमी असतं, वजनाच्या २ ते ५ टक्के समजा. ८० किलोचं वजन म्हणजे जवळपास ८०० न्यूटन, त्याचे ३ टक्के धरले तर २४ न्यूटन. अडीच किलोची पिशवी हातात धरल्यावर जेवढी ओढ लागते तेवढीच. पण माणूस सेकंदाला ३० मीटर जातोय, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर. बल गुणिले वेग केलं की ७०० वॉटच्या वर आकडा येतो. घरातली साधी इस्त्री साधारण तेवढ्याच वॉटची असते! म्हणजे स्कीअर उतारावरून जाताना पायाखाली एक चालू इस्त्री घेऊन बर्फावर फिरवत असतो, फक्त ती वायरने नाही, उतारावर मिळवलेल्या वेगाने तापते. आणि गंमत अशी की शर्यतीच्या आदल्या दिवशी टेक्निशियन लोक त्याच स्कीच्या तळाला मेण लावतात तेही खरोखरच्या इस्त्रीने, मेणाची वडी इस्त्रीवर टेकवून थेंब पाडायचे, मग इस्त्री फिरवून ते तळात जिरवायचं, गार झालं की खरवडून काढायचं आणि ब्रश मारायचा.

आता ही ७०० वॉटची उष्णता सगळी बर्फ वितळवायला लागली असं धरा (सगळी लागत नाही, बरीचशी स्कीत आणि खालच्या बर्फात जाते, पण वरची मर्यादा काढू). १ ग्रॅम बर्फ वितळवायला ३३४ ज्यूल लागतात, म्हणजे सेकंदाला २ ग्रॅम पाणी. त्याच सेकंदात दोन स्की मिळून ३० मीटर लांब आणि १४ सेंटीमीटर रुंद पट्टा झाकतात, चार चौरस मीटरच्या वर. दोन ग्रॅम पाणी चार चौरस मीटरवर पसरलं तर जाडी किती, तर अर्धा मायक्रॉन. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. त्या केसाच्या शंभराव्या भागाहून पातळ पाण्याचा पापुद्रा, आणि त्यावरून माणूस तरंगत जातो. दोन मिनिटांची अख्खी शर्यत धरली तरी सगळं मिळून एका फुलपात्रात मावेल एवढं पाणी.

हे नुसतं कागदावरचं नाही. १९३९ मध्ये एफ. पी. बाउडेन आणि टी. पी. ह्यूज यांनी स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखला, बर्फातल्या गुहेत, हे मोजून बघितलं. (तेच युंगफ्राउ, जिथे आपले युरोप टूरवाले हमखास नेतात. तिथली रेल्वे ज्या डोंगराजवळून वर जाते त्याच डोंगरावर दर जानेवारीत वेंगनची शर्यत होते, वर्ल्ड कपमधली सगळ्यात लांब, साडेचार किलोमीटरच्या जरा आत.) त्यांनी बघितलं की तळ धातूचा असला तर घर्षण जास्त आणि एबोनाइटसारख्या उष्णता न वाहणाऱ्या पदार्थाचा असला तर कमी. आता दाबाने वितळत असतं तर धातू काय नि एबोनाइट काय, वजन तेवढंच, फरक पडायचं कारणच नाही. पण उष्णतेने वितळत असेल तर धातू ती उष्णता पळवून नेणार, बर्फाला कमी मिळणार, पाणी कमी होणार. झालं, एका निरीक्षणात निकाल.

अजून एक पायरी. (इथे भाची म्हणाली मामा मला झोप येतेय. पण तुम्ही वाचा.) बर्फाच्या एका कणाच्या बाजूने बघा. त्याच्या डोक्यावरून सव्वादोन मीटरची स्की सेकंदाच्या साधारण तेराव्या भागात निघून जाते. समजा कण उणे ६ ला आहे. स्कीचं पुढचं टोक येतं तेव्हा तो कोरडा असतो, घर्षण जास्त, त्यामुळे तापतोही जोरात. स्कीचा मधला भाग येईपर्यंत त्याचा माथा शून्याला पोचून ओला होतो, घर्षण पडतं, घर्षण पडलं की उष्णताही कमी होते, म्हणजे पाणी जास्त झालं की आपोआप पाणी कमी बनायला लागतं. स्वतःला स्वतःच ताब्यात ठेवणारी यंत्रणा आहे ही, कुकरच्या शिट्टीसारखी. म्हणजे एकाच स्कीचं पुढचं टोक कोरड्यावर चालतं आणि मागचं पाण्यावर.

फॅरेडेने १८५० मध्येच सांगितलं होतं की बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच एक पातळसा ओलसर थर असतो, कारण सगळ्यात वरच्या रेणूंना वरून धरायला कुणी नसतं, ते सैल असतात. ते पण खरं ठरलंय, पण तो थर काही नॅनोमीटरचा, सुरुवात करून द्यायला उपयोगी, पुढचं काम घर्षणाचं. २०१८ मध्ये एका संशोधनात स्टीलच्या गोळ्याने मोजलं तर बर्फ सगळ्यात निसरडा उणे ७ च्या आसपास भरला. फार गार झालं तर रेणू हलत नाहीत, बर्फ वाळूसारखा होतो, अंटार्क्टिकावर स्लेज ओढणाऱ्यांनी नेमकी हीच तक्रार लिहून ठेवलीय. आणि शून्याच्या जवळ गेलं की पाणी नको तेवढं होतं, मग ओल्या काचेला काच चिकटावी तशी स्की खाली खेचली जाते. म्हणून तळावर टायरसारख्या बारीक रेघा कोरतात, पाणी मागे निघून जावं म्हणून.

तर आता मेण. स्कीचा तळ पॉलिथिनचा असतो, आपल्या कॅरीबॅगच्याच कुळातला पण साखळ्या अतिशय लांब. गुडघा बदलायच्या ऑपरेशनमध्ये दोन धातूंच्या मध्ये जी प्लॅस्टिकची चकती बसवतात ती याच जातीची. त्यावर साधं मेण लावलं की पाणी अंग चोरतं. फ्लोरिनवालं मेण लावलं की आणखी चोरतं, कारण कार्बन-फ्लोरिन बंध एवढा घट्ट आणि आत्मसंतुष्ट असतो की त्याला पाणी, तेल, कुणाचीच गरज नसते. नॉनस्टिक तव्याचं तेच. पण ज्या बंधाला कुणाची गरज नाही तो तुटतही नाही, वितळलेल्या बर्फाबरोबर जमिनीत जातो नि तिथेच राहतो, आणि इस्त्री फिरवताना जो धूर येतो त्याने स्वीडन-नॉर्वेच्या टेक्निशियन लोकांच्या रक्तात ही रसायनं सामान्य माणसाच्या कित्येक पटीने सापडली. म्हणून बंदी. पकडायची पद्धत छान आहे, तळावर इन्फ्रारेड प्रकाश टाकायचा, प्रत्येक बंध आपल्या ठरलेल्या लयीत हलतो आणि तेवढीच तरंगलांबी गिळतो, परत आलेल्या प्रकाशात कार्बन-फ्लोरिनच्या तरंगलांबीची जागा रिकामी दिसली की सापडलात.

ता.क. सारखं सांगतो, आपल्याकडे प्रदर्शनात "नॅनो कोटिंग" म्हणून गाडीच्या काचेला लावायच्या बाटल्या विकतात, सहाशे रुपये, आजीवन गॅरंटी. इथे जगातले सर्वोत्तम टेक्निशियन प्रत्येक शर्यतीआधी मेण नव्याने लावतात कारण दोन मिनिटांत ते घासून जातं. आजीवन कोणाचं, ते विचारून घ्या.

आणि मेणाचाही फार उदोउदो नको. ताशी १०८ ला हवेचा विरोध बर्फाच्या घर्षणाच्या तिप्पट किंवा जास्तच असतो, म्हणून तर ते लोक अंड्यासारखे वाकून जातात. मेणाचा खेळ कळतो तो सपाट तुकड्यांवर. पण ऑस्ट्रियात कित्सब्यूलच्या डाउनहिलला १९ जानेवारी २०२४ ला सिप्रियाँ साराझाँने फ्लोरियान शीडरला हरवलं ते ०.०५ सेकंदाने, ३३१२ मीटरच्या उतारावर. अंतरात मोजलं तर दीड मीटरच्या आत. तिथे मेण मोजायचं नाही तर काय मोजायचं.

त्याच जानेवारीत बडे स्कीअर एकामागून एक पडले: नॉर्वेचा किल्डे आणि फ्रान्सचा पँतुरो वेंगनला पडून, स्लोव्हाकियाची व्ल्होवा तिच्याच देशात यास्नाला पडून सीझनबाहेर गेले, अमेरिकेची शिफ्रिन इटलीत कोर्तिनाला पडली नि कित्येक आठवडे बाहेर राहिली. आपल्याकडे कुणीतरी लगेच साडेसाती काढली असती. पण शर्यतीसाठी उतारावर मुद्दाम पाणी सोडून तो काचेसारखा टणक करतात, म्हणजे पहिल्याला आणि तिसाव्याला जवळपास सारखाच ट्रॅक मिळावा, त्यात लागोपाठ शर्यती. अशा बर्फावर स्कीची कड एकदा पकडली की ती सोडत नाही आणि मग गुडघा वळतो. शनीचा काही संबंध नाही.

मार्चमध्ये उन्हाने बर्फ भुसभुशीत झाला की तर ते उतारावर मीठ टाकतात. हे ऐकून भाची परत जागी झाली, मिठाने बर्फ वितळतो ना? वितळतोच. पण वितळायला जी उष्णता लागते ती तो शेजारच्या बर्फाकडून घेतो, मग शेजारचा अजून गार होतो, उरलेलं पाणी परत गोठतं, आणि थोड्या वेळासाठी उतार दगडासारखा होतो. लाकडी पॉटमधल्या आइस्क्रीमला बाहेरच्या बर्फात जाडं मीठ टाकायचो आणि आळीपाळीने हँडल फिरवायचो, तेच.

दुसऱ्या दिवशी तिने फोटो पाठवला. स्टीलच्या पेल्यात बर्फ-मीठ कालवून तो ओल्या पाटावर ठेवला होता, आणि पेला उचलला तर खालून पाट वर येत होता. खाली लिहिलेलं, "मामा हे भारी आहे पण पेपरात काय लिहू, दाब की घर्षण?"

मी लिहिलं, दोन्ही लिही. आधी दाब.