शासकीय मालमत्ता व ऐतिहासिक सार्वजनिक इमारतींचे व्यवस्थापन

शासनाच्या मालकीच्या जमिनी, कचेऱ्या, न्यायालये, टपालघरे, गोदामे, दीपगृहे यांची नोंद ठेवणे, वापर ठरवणे, देखभाल करणे आणि निरुपयोगी झालेली मालमत्ता विकणे वा हस्तांतरित करणे, असे या कामाचे स्वरूप आहे. वास्तू ऐतिहासिक असेल तर मालक या नात्याने शासनाला असलेली मोकळीक जतनाच्या नियमांमुळे कमी होते.

कामाचा पाया म्हणजे मालमत्ता नोंदवही. तीत हद्द, क्षेत्रफळ, हक्काचे कागद, ताबा, भाडेपट्ट्याची मुदत आणि बांधकामाची अवस्था नोंदलेली असते. ती अपुरी असली की अतिक्रमणे लक्षात येत नाहीत. एक खाते बाहेर भाडे भरते आणि दुसऱ्याची इमारत कुलूप लावून पडून राहते. अमेरिकेत १९४९ मध्ये स्थापन झालेले सामान्य सेवा प्रशासन इमारती सांभाळते आणि त्या वापरणाऱ्या खात्यांकडून भाडे घेते. फुकटची जागा कोणतेही खाते सहसा सोडत नाही, हे लक्षात घेता ही पद्धत शहाणपणाची म्हणावी लागेल.

जुन्या इमारतीची हानी बहुधा पाण्यापासून सुरू होते. फुटलेले कौल किंवा तुंबलेली पन्हळ वेळीच पाहिली नाही, तर पुढे तुळया कुजतात. तरीही काटकसरीत देखभालीच्या निधीला आधी कात्री लागते. साफ केलेल्या पन्हळीचे उद्घाटन कोणी करत नाही. चुकीची दुरुस्तीही तितकीच घातक असते. चुन्यातल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल कोंडते आणि वीट किंवा मऊ दगड झिजू लागतो. म्हणून अशा कामांत केवळ सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारून भागत नाही, चुन्याचे काम जाणणारे गवंडी लागतात.

आगीचा धोका वेगळाच. १८३४ मध्ये ब्रिटिश संसदेची इमारत जळाली ती सरकारी खजिन्यातल्या कालबाह्य हिशेबकाठ्या (खाचा पाडून हिशेब नोंदवलेल्या लाकडी काठ्या) तळघरातल्या भट्ट्यांत जाळताना. २०१८ मध्ये रिओ दी जानेरोतील राजवाड्यात असलेले ब्राझीलचे राष्ट्रीय संग्रहालय भस्मसात झाले. पॅरिसचे नोत्र दाम कॅथेड्रल फ्रेंच राज्याच्या मालकीचे. तेथे २०१९ ची आग जीर्णोद्धाराचे काम चालू असतानाच लागली.

समाजोपयोगी वापर जतनाला पोषक ठरतो, पण त्यासाठी वास्तूची मांडणी वा सजावट बदलू नये, असे वास्तुजतनाची तत्त्वे मांडणारी १९६४ ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद सांगते. प्रत्यक्षात तडजोड होतेच. बर्लिनच्या राइखस्टाग या जुन्या संसद इमारतीचा अंतर्भाग जर्मन संसदेसाठी जवळजवळ नव्याने बांधला गेला आणि १९९९ मध्ये तेथे कामकाज सुरू झाले. १९४५ मध्ये सोव्हिएत सैनिकांनी भिंतींवर लिहिलेला मजकूर मात्र काही ठिकाणी मुद्दाम राखला आहे.

शासनालाच वापर उरला नसेल तर अटींसह भाडेपट्टा किंवा हस्तांतरण हे मार्ग राहतात. अमेरिकेच्या २००० सालच्या कायद्यानुसार गरज न उरलेली ऐतिहासिक दीपगृहे स्थानिक शासने व ना-नफा संस्थांना विनामूल्य देऊ केली जातात. पात्र संस्था पुढे आली नाही, तरच त्यांचा लिलाव होतो.