२०२०ची हज यात्रा रद्द झाली नव्हती

‘कोरोनामुळे इतिहासात पहिल्यांदाच हज रद्द झाली,’ हे वाक्य आजही फॉरवर्ड होत फिरतं. ते दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे.

२०२०ची हज यात्रा झाली. २०१९मध्ये सुमारे २५ लाख लोक आले होते; त्या वर्षी मात्र सौदी अरेबियात आधीपासून राहणाऱ्या थोड्याच लोकांना परवानगी मिळाली. सरकारने सांगितलेला आकडा साधारण एक हजाराचा. सैतानाचं प्रतीक असलेल्या खांबांवर मारण्यासाठी मक्केजवळच्या मुझदलिफाच्या मैदानात वाकून खडे वेचायचे, ही जुनी रीत. त्या वर्षी निर्जंतुक केलेले खडे पाकिटात बंद करून आधीच हातात दिले गेले. काबाला, म्हणजे मक्केतल्या पवित्र वास्तूला, हात लावायला मनाई होती आणि झमझम या पवित्र विहिरीचं पाणी बाटल्यांतून मिळालं. विधी तेच राहिले, ते करण्याची पद्धत बदलली.

‘पहिल्यांदाच’ हेही खरं नाही. हजमध्ये याआधीही मोठे अडथळे आले होते. इसवी सन ९३० मध्ये करामती नावाच्या बंडखोर शिया पंथाच्या लोकांनी मक्केवर हल्ला करून काबाच्या भिंतीतला पवित्र काळा दगडच पळवला होता, तो परत यायला वीसेक वर्षं लागली. आणि आपल्या मुंबईचंच बघा ना: प्लेगमुळे १८९७ साली ब्रिटिश सरकारने इथून हजला जाणं रोखलं होतं.

२०२०मध्ये भारतातून कोणी जाऊ शकलं नाही, अर्ज भरलेल्यांचे पैसे परत झाले. कित्येकांनी आयुष्यभर पै-पै साठवून ते भरले होते. त्यांचं दुःख खरं होतं. म्हणूनच त्याबद्दल बोलताना माहितीही खरी हवी. २०२१मध्ये लस घेतलेले ६० हजार, २०२२मध्ये दहा लाखांची मर्यादा आणि २०२३मध्ये १८ लाखांहून अधिक यात्रेकरू, अशी गर्दी परतली.