सत्याचरण, ख्रिस्ती

असत्य, कपट व फसवणूक सोडून बोलणे, व्यवहार आणि अंतःकरण यांत एकवाक्यता राखण्याची ख्रिस्ती शिकवण व साधना. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा (निर्गम 20:16) हा तिचा आधार. रोमन कॅथलिक व ल्यूथरन गणनेत ही आज्ञा आठवी, तर बहुतेक इतर प्रॉटेस्टंट पंथांत नववी येते. तिचा मूळ रोख न्यायनिवाड्यातील साक्षीवर असावा. सर्व प्रकारच्या असत्याला ती लावण्याचा विस्तार नंतरचा मानणे अधिक सयुक्तिक. लेवीय 19:11 मात्र चोरी, फसवणूक व लबाडी यांना एकत्रच मनाई करते. नव्या करारात हननिया व सप्पीरा यांची कथा (प्रेषितांची कृत्ये 5) प्रसिद्ध आहे. जमीन विकून आलेली रक्कम स्वतःकडे ठेवण्यास त्यांना मोकळीक होती. दोष लागला तो काही भाग लपवून सगळी रक्कम दिल्याचे भासवल्याचा.

प्राण वाचवण्यासाठी खोटे बोलावे काय, हा जुना वाद आहे. इस्राएली हेरांना लपवणारी राहाब (यहोशवा 2) आणि इब्री बालके वाचवण्यासाठी फारोला (मिसरच्या राजाला) चुकवणाऱ्या सुइणी (निर्गम 1) ही त्यातील नेहमीची उदाहरणे. प्राचीन ख्रिस्ती आचार्यांपैकी जॉन क्रिसोस्टम (सु. 347–407) व कॅसियन (सु. 360–435) यांनी हितासाठी केलेल्या फसवणुकीस काही प्रमाणात वाव दिला. ऑगस्टीनने (354–430) तो नाकारला. इ.स. 395 च्या सुमारास त्याने असत्याचे आठ प्रकार पाडले आणि आठही निषिद्ध ठरवले. 420 च्या सुमारास, पाखंडी लोक हुडकण्यासाठी तरी खोटे बोलावे काय, या प्रश्नालाही त्याने नकारच दिला. राहाबेची प्रशंसा तिच्या दयेसाठी आहे, खोट्यासाठी नव्हे, हा त्याचा खुलासा. मूळ कथेत असा भेद कोठे दिसत नाही. तरी पाश्चात्त्य परंपरेत मुख्यतः ऑगस्टीनचेच मत टिकले. टॉमस अक्वायनसने (सु. 1225–74) अपकारक, उपकारक व विनोदी असे तीन वर्ग करून तिन्ही पापच मानले, गंभीरता मात्र कमीजास्त धरली. पुढे वाक्याचा निर्णायक भाग मनातच ठेवण्याची पळवाट निघाली. आपल्याकडच्या ‘नरो वा कुंजरो वा’शी तिचे नाते उघड आहे. पोप इनोसंट अकरावा याने 1679 मध्ये तिच्या सैल रूपांचा निषेध केला.

असत्यातून सुटण्याचे मार्ग दोन : कबुली आणि भरपाई. कॅथलिकांत धर्मगुरूपुढे वर्षातून एकदा तरी पापकबुली देणे 1215 च्या लॅटरन परिषदेने (रोममधील कॅथलिक धर्मपरिषद) बंधनकारक केले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कबुली थेट देवापुढे असते (1 योहान 1:9); प्रभुभोजनापूर्वी आत्मपरीक्षणाचा पाठ असतो. भरपाईबाबत गणना 5:7 मुद्दलावर पाचवा हिस्सा जास्त सांगते, तर येशूला भेटलेला जकातदार जक्कय चौपट देऊ करतो (लूक 19:8). म्हणजे सुताच्या व्यवहारात 1,000 रुपये लुबाडणाऱ्याने पहिल्या हिशेबाने 1,200 आणि दुसऱ्याने 4,000 परत करावेत. जक्कयाची चौपट नियम म्हणून नव्हे, तर स्वखुशीची समजणे बरे.

सोलापुरात ही शिकवण मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनमार्फत पोचली. मुंबईत 1813 मध्ये व अहमदनगरात 1831 मध्ये काम सुरू केलेल्या या मिशनचे सोलापूर केंद्र 1860 नंतरच्या दशकातील दिसते. बसवेश्वरांचे समकालीन शरण सिद्धरामेश्वर यांच्या या नगरीला ही शिकवण अगदीच नवी नसावी. बसवेश्वरांच्या एका वचनात चोरी, हत्या व खोटे बोलणे यांचा निषेध एका दमात येतो. मिशनच्या कामातील एक बाजू येथे नोंदवणे आवश्यक आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली शहरात उभारलेल्या, तारेच्या कुंपणातील वसाहतीची (लोकांच्या तोंडी ‘सेटलमेंट’) व्यवस्था काही काळ या मिशनकडे होती. हजेरी देऊन रहिवासी गिरण्यांत कामाला जात. पापाची ओढ सर्व मानवांत सारखी, हे ख्रिस्ती मत. कायद्याने अप्रामाणिकपणा ठरावीक जातींच्या जन्माशी जोडला होता. सुधारणेच्या हेतूने का होईना, मिशनने राबवली ती कायद्याची भूमिका. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभर रद्द झाला.

‘शपथ मुळीच वाहू नका’ (मत्तय 5:34) हे वचन क्वेकर व मेनोनाइट शब्दशः पाळतात. बहुतेक इतर पंथ न्यायालयीन शपथ ग्राह्य धरतात. भारतात शपथ अधिनियम, 1969 नुसार साक्षीदाराला शपथेऐवजी प्रतिज्ञेवर साक्ष देता येते.