खड्याची पारख प्रकाशाच्या कोनातून

ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात ‘तैमूर रूबी’ नावाचा एक लाल खडा आहे. वजन साडेतीनशे कॅरेटच्या वर, आणि त्यावर जहांगीर, शाहजहान, फर्रुखसियर, नादिरशहा, अहमदशहा दुराणी अशी एकामागून एक मालकांची नावं कोरलेली. नावात रूबी असली तरी हा खडा माणिक नव्हे, स्पिनेल आहे. त्याच घराण्याच्या राजमुकुटात दर्शनी भागी बसवलेला ‘ब्लॅक प्रिन्स रूबी’ हाही स्पिनेलच.

यात पाहणाऱ्याच्या नजरेचा दोष नाही. माणिक म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, तर स्पिनेल म्हणजे मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम मिळून झालेलं ऑक्साइड. दोन्ही मुळात रंगहीन. त्यांना लाली येते ती किंचितशा क्रोमियममुळे, आणि म्यानमारमधल्या मोगोकसारख्या ठिकाणी दोन्ही शेजारी शेजारी सापडतात. रत्नाच्या पारखीत रंग हा सगळ्यात कच्चा पुरावा. पक्का पुरावा हवा असेल, तर खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो हे मोजावं लागतं.

हे वळणं म्हणजे शाळेत शिकलेलं अपवर्तन आणि त्याचं माप म्हणजे अपवर्तनांक. स्पिनेलचा साधारण 1.718, माणकाचा 1.762 ते 1.770. फरक दुसऱ्या दशांश स्थळावर दिसतो, पण तळहातावर मावणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरला तेवढा पुरतो. या उपकरणाची कल्पना जर्मनीतल्या येना इथले भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी 1874मध्ये द्रवांसाठी विकसित केली. पुढे रत्नांसाठी त्याचा छोटा अवतार तयार झाला.

त्याच्या माथ्यावर जड काचेची एक छोटी, गुळगुळीत खिडकी असते. तिच्यावर एका विशिष्ट द्रवाचा बारीक थेंब ठेवायचा. थेंब मोठा झाला तर खडा त्यावर तरंगतो आणि वाचन बिघडतं. मग खड्याचा सर्वांत मोठा सपाट पैलू खाली करून तो हळूच थेंबावर सरकवायचा. द्रव लागतो कारण दोन पृष्ठभागांमध्ये हवेचा पापुद्रा राहिला, तर प्रकाश खड्यापर्यंत पोचतच नाही. आतून येणारे किरण काचेतून खड्याच्या सीमेवर वेगवेगळ्या कोनांतून आदळतात. काही खड्यात शिरून निघून जातात. एका ठरावीक, म्हणजे क्रांतिक कोनापेक्षा जास्त तिरपे असलेले मात्र पूर्ण आंतरिक परावर्तनाने मागे फिरतात आणि मोजपट्टीवर पडतात. डोळा लावला की पट्टीचा एक भाग उजळ, एक अंधारा दिसतो. मधल्या रेषेवरचा आकडा हाच अपवर्तनांक. साध्या पांढऱ्या उजेडात ही रेषा इंद्रधनुषी होऊन पसरते, कारण प्रत्येक रंग थोडा वेगळा वळतो. म्हणून 589 नॅनोमीटरचा पिवळा सोडियम प्रकाश वापरतात, मग रेषा धारदार उमटते.

खरी मजा खडा जागच्या जागी फिरवल्यावर येते. स्पिनेल कसाही फिरवा, रेषा एकच राहते. माणिक फिरवताना मात्र दोन रेषा दिसतात, त्यांतली एक सरकते आणि दुसरी जागची हलत नाही. स्पिनेलच्या स्फटिकात प्रकाशाला सगळ्या दिशा सारख्या असतात, माणकाच्या स्फटिकात नसतात, म्हणून आत शिरणारा किरण दुभंगतो. काचेच्या खड्यातही रेषा एकच. त्यामुळे लाल काच माणिक म्हणून पुढे आली, तर ती इथेच उघडी पडते. मला ही चाचणी फार आवडते. तिला ना वीजखाऊ यंत्रणा लागते, ना खड्याचा कण खरवडावा लागतो.

पण तिला मर्यादा आहे. तो द्रव 1.81 पर्यंतच साथ देतो. त्याहून जास्त अपवर्तनांक असलेला खडा ठेवला, तर फक्त द्रवाची स्वतःची रेषा दिसते. आणि हिऱ्याचा अपवर्तनांक आहे 2.417. इथे परावर्तन मोजतात. समोरून पडलेल्या प्रकाशातला साधी काच सुमारे 4 टक्के परत पाठवते, तर हिरा सुमारे 17 टक्के. बाजारात ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून मिळणारा क्युबिक झिरकोनिया साडेतेराच्या आसपास असतो. बोटाचं तेल लागलं तरी हे मोजमाप चुकतं, म्हणून खडा आधी स्वच्छ पुसायलाच हवा. मोइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा आणखी एक खडा. ते हिऱ्यासारखीच उष्णता झपाट्याने वाहून नेतं, त्यामुळे उष्णता तपासणाऱ्या साध्या पेनला ते फसवतं. मात्र दहापट भिंगाखाली खडा किंचित तिरपा धरून आरपार पाहिलं की मागच्या पैलूंच्या कडा जोडीने दिसतात. हिऱ्यात त्या कधी दुहेरी होत नाहीत.

या सगळ्या मोजमापांतून कळतं ते खडा कशाचा आहे हे. तो कुठे घडला, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. फ्रान्समध्ये ऑग्युस्त व्हेर्नॉय यांनी 1902मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीने भट्टीत केलेलं माणिक अपवर्तनांकात खाणीतल्या माणकासारखंच भरतं. 694 नॅनोमीटरच्या आसपासची क्रोमियमची लाल चमकही तीच, जिच्यावर 1960मधला पहिला लेसर चालला. तिथे सूक्ष्मदर्शकच धावून येतो. भट्टीतल्या माणकात वाढीच्या रेषा वक्र असतात, निसर्गातल्या माणकात सरळ.

हिऱ्यांचा प्रश्न आज याहून अवघड आहे, कारण प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हा हिराच असतो. इथे कामी येतं 1934मधलं एक वर्गीकरण. रॉबर्टसन, फॉक्स आणि मार्टिन या संशोधकांना आढळलं, की बहुतेक हिरे सुमारे 300 नॅनोमीटरखालचा अतिनील प्रकाश अडवतात, तर थोडे हिरे तो 225 नॅनोमीटरपर्यंत जाऊ देतात. फरक नायट्रोजनचा, हे पुढे कळलं. नायट्रोजन जवळपास नसलेले हिरे निसर्गात एक-दोन टक्केच, कोहिनूर त्यांतला. पण वायूपासून थर चढवून वाढवलेले हिरे जवळपास सगळेच या गटात मोडतात. म्हणून अतिनील प्रकाश आरपार गेला की हिरा पुढच्या तपासणीला जातो. द्रवरूप नायट्रोजनमध्ये थंड करून त्यावर लेसर टाकतात आणि तो कोणता प्रकाश बाहेर टाकतो ते पाहतात. 737 नॅनोमीटरवर रेषा दिसली तर ती सिलिकॉनची, आणि हे सिलिकॉन बहुधा वाढवणाऱ्या यंत्राच्या भागांतून हिऱ्यात उतरलेलं असतं.

एवढी तपासणी पेठेतल्या दुकानात होत नाही. नवरत्नांची अंगठी घडवणार असाल, तर खडे कोंदणात बसवण्याआधी सुटेच तपासून घ्या. मागून बंद कोंदण आणि खाली रंगीत पन्नी आली, की प्रकाश आरपार पाहायची सोयच उरत नाही. प्रमाणपत्र घेताना त्यावर खड्याच्या नावाशेजारी नैसर्गिक की प्रयोगशाळेत वाढवलेला हे स्पष्ट लिहिलंय का, तेही वाचा.