दोन्ही पाय सुजलेत की एकच? बसून येणारी सूज आणि रक्ताच्या गाठीची सूज

"दुखत नाहीये ना? मग काही नाही." मानेच्या मणक्याला मार लागून हातपाय लुळे पडलेल्या माणसाचा पाय सुजला, की हे वाक्य ठरलेलं. घरचे म्हणतात, भेटायला आलेले म्हणतात, आणि ज्यांना हे कळायलाच हवं अशी मंडळीही म्हणतात. माझा धाकटा भाऊ सी-६ पातळीच्या, म्हणजे मानेच्या सहाव्या मणक्याजवळच्या इजेसह जगतो. त्याच्या पायात खिळा घुसला तरी त्याला कळणार नाही. अशा माणसाच्या बाबतीत 'दुखत नाही' हा कशाचाच पुरावा नाही. तरी त्याच एका वाक्यावर दोन वेगळ्या गोष्टी एकाच खात्यात टाकल्या जातात: दिवसभर खुर्चीत बसल्याने येणारी सूज, आणि पायाच्या खोल शिरेत रक्ताची गाठ झाल्याने येणारी सूज, म्हणजे डीव्हीटी. पहिली त्रासाची आहे, पण सांभाळता येते. दुसरीतला तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर माणूस जातो.

पहिली सूज अशा माणसाला सांभाळणाऱ्या तुमच्या रोजच्या ओळखीची आहे, त्यामुळे थोडक्यात सांगते. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. ते काम थांबलेलं असतं, आणि रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसांवर मेंदूचा ताबाही उरलेला नसतो. मग पाणी खाली साचतं. सकाळी पाय बरे, संध्याकाळी घोट्याचं हाड दिसेनासं होतं, मोज्याचा वळ उठतो, बोट दाबलं तर खळगा राहतो. रात्री आडवं झालं की सूज ओसरते आणि ते पाणी लघवीवाटे बाहेर पडतं. रात्री लघवीची पिशवी भराभर भरते किंवा कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालायला जास्त वेळा उठावं लागतं, त्यामागे बरेचदा हेच असतं. झोपायच्या आधी तास-दोन तास पाय उंच करून आडवं झालं, तर ती लघवी आधीच होऊन जाते आणि घरातल्या सगळ्यांची झोप वाचते.

आता जिथे गफलत होते तिकडे येऊ.

गाठीच्या सुजेची लक्षणं सांगताना पोटरी दुखणं, दाबल्यावर कळ येणं, चालताना त्रास होणं हेच आधी सांगितलं जातं. आपल्या माणसाला यातलं एकही लक्षण सांगता येणार नाही. पाऊल वर वाकवून 'दुखतं का?' विचारायची जुनी तपासणी तर ज्याला संवेदना आहे त्याच्यातही भरवशाची नाही, इथे ती करण्यात अर्थच नाही. मग राहतं ते डोळ्यांना दिसणारं, हाताला लागणारं आणि टेपवर मोजता येणारं.

पहिली खूण: सूज एका बाजूला जास्त आहे का? खुर्चीतली सूज साधारण दोन्ही पायांवर सारखी उतरते. गाठ बहुधा एका पायात होते. दुसरी खूण: सकाळी काय दिसतं? रात्रभर आडवं राहूनही एक पाय तसाच टम्म असेल, तर ती बसण्याची सूज नव्हे. तिसरी: हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पोटऱ्यांना स्पर्श करून बघा. एक पाय जास्त गरम लागतो का, रंग लालसर किंवा जांभळट दिसतो का? चौथी खूण सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. दुखणं मेंदूपर्यंत पोचत नसलं तरी शरीर गप्प बसत नाही. कारण सापडत नाही असा बारीक ताप, पायाचे स्नायू आपोआप आखडून उडण्याचे अचानक वाढलेले झटके, पायांचा वाढलेला कडकपणा, डोकं ठणकून मानेवर-चेहऱ्यावर घाम फुटणं, हे सगळं लघवीच्या इन्फेक्शनवर ढकलून मोकळं होऊ नका. लघवी तपासा, पण पायही बघा.

नजरेवर मी विश्वास ठेवत नाही. रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. शिंप्याकडचा टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली पुढच्या बाजूला हाडाचा उंचवटा हाताला लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली पेनने खूण करा आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. मांडीचाही मोजा, कारण गाठ वर असेल तर मांडीच फुगते. वेळ एकच ठेवा: सकाळी, पलंगावरून उठवण्याआधी. आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या-त्या चौकोनात लिहा. गाठीचा संशय किती, हे ठरवायच्या डॉक्टरांच्या गुणांकनात दोन पोटऱ्यांमधला ३ सेंटिमीटरचा फरक धरला जातो, पण तुम्ही तेवढ्याची वाट बघत बसू नका. मुळातच एक पाय थोडा जाड असू शकतो, म्हणून आपल्या माणसाचा नेहमीचा आकडा ठाऊक असणं महत्त्वाचं. तो एका बाजूला सेंटिमीटरभर वाढला आणि सकाळीही उतरला नाही, तर मी त्याच दिवशी डॉपलर करून घेते. डॉपलर म्हणजे सोनोग्राफीच, सुई नाही, काप नाही.

एकाच पायाच्या सुजेची खूण शंभर टक्के नाही, हेही लक्षात ठेवा. गाठ दोन्ही पायांत होऊ शकते, आणि कधी सूज न येताही असते. इजेनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत धोका सगळ्यात जास्त. पुढे तो कमी होतो, पण ऑपरेशन, मोडलेलं हाड किंवा आजारपणातली सक्तीची विश्रांती आली की पुन्हा वाढतो.

शंका असेल तेव्हा पायाला मालिश नको. माझा सगळ्यात जास्त राग यावर आहे. तेल कोमट करून प्रेमाने पोटऱ्या रगडणारे हात चांगल्या मनाचे असतात, पण गाठ असली तर ते ती सोडवून फुप्फुसाकडे पाठवू शकतात. डॉपलर होईपर्यंत व्यायाम बंद, घट्ट मोजे बंद. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक तर कधीच नको, कारण संवेदना नसलेली कातडी भाजते आणि कोणालाच कळत नाही.

एक पाय सुजायला इतर कारणंही असतात. ठिसूळ झालेलं हाड उचलताना मोडलेलं असतं, मांडीच्या सांध्याभोवती नको तिथे हाड वाढत असतं, नखाच्या कोपऱ्यातून संसर्ग शिरलेला असतो. तिन्हींसाठी डॉक्टरच गाठायचे. मात्र आधी लघवीच्या पिशवीचा पट्टा बघा. भावाच्या डाव्या मांडीवर तो रुतून गोल खोबण पडली होती आणि त्याखालचा पाय तेवढा फुगला होता. पट्टा सैल केल्यावर पाय दुपारपर्यंत उतरला.

साध्या सुजेवर पाण्याची गोळी मागू नका. पाणी साचतंय ते बसण्यामुळे, आणि मानेच्या इजेत रक्तदाब आधीच कमी असतो, वरचा आकडा ९०-१०० च्या आसपास. गोळीने तो आणखी पडतो आणि कॅथेटरचं वेळापत्रकही कोलमडतं. त्यापेक्षा चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा: नसांच्या वेदनेसाठी दिलेल्या प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिनने पाय सुजतात, ॲम्लोडिपिननेही. यातलं कोणतंही औषध स्वतःहून बंद करायचं नाही. क्रेप बँडेज मला पसंत नाही, ते सरकतं आणि गुडघ्याखाली दोरीसारखं आवळतं. मापाचे मोजे घ्या, सकाळी पलंगावरच घाला, सुरकुती राहू देऊ नका, रात्री काढून टाचा आणि बोटं बघा. मधुमेह असेल तर आधी पायातल्या रक्तपुरवठ्याची तपासणी करा. खुर्चीचे पायटे नुसते वर केल्याने फारसं साधत नाही, पाय हृदयाच्या वर जायला आडवंच व्हावं लागतं. उशी पोटरीखाली ठेवा, टाच अधांतरी राहू द्या.

फक्त एक वेळ याला अपवाद आहे. इजा टी-६ (पाठीचा, छातीमागचा सहावा मणका) किंवा त्याच्या वर असेल आणि डोकं ठणकतंय, चेहरा लाल झालाय, रक्तदाब नेहमीपेक्षा उसळलाय, अशा वेळी पाय उंच करायचे नाहीत. उलट ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, कपडे-पट्टे सैल करायचे आणि कॅथेटर अडकलाय का ते बघायचं.

आणि एक पाय सुजलेला असताना अचानक धाप लागली, नाडी धावायला लागली किंवा ऑक्सिमीटरवरचा आकडा घसरला, तर डॉपलरचीही वाट बघू नका, १०८ लावा. छातीत दुखेल याची वाट बघू नका, तेही त्याला जाणवेलच असं नाही. हॉस्पिटलात गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा: मानेची इजा आहे, खाली संवेदना नाही, डावा पाय परवापासून इतक्या सेंटिमीटरने वाढलाय. कॅलेंडरच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.