चिलखती पोशाख (फॅशन)

चिलखताची बांधणी उचलून, पण रणांगणाशी संबंध न ठेवता केलेले पोशाख. या प्रकाराला आधुनिक रूप दिले ते पाको राबान (१९३४–२०२३) या पॅरिसवासी डिझायनरने.

राबान मूळचा स्पेनच्या बास्क प्रदेशातला. आई बालेन्सियागा या नामवंत फॅशन डिझायनरच्या शिवणघरात मुख्य कारागीर होती. वडील यादवी युद्धात मारले गेले आणि कुटुंब फ्रान्सला गेले. पॅरिसमध्ये तो शिकला वास्तुकला आणि पोट भरले ते बड्या फॅशनघरांना बटणे व दागिने पुरवून. १९६६ मध्ये त्याने ‘समकालीन साहित्यातले, घालता न येणारे बारा पोशाख’ मांडले. नावातच खोडी होती. पॅरिसची नामवंत डिझायनर कोको शानेल हिने त्याला शिंपी न म्हणता धातुकामगार म्हटले, असे सांगतात.

टोमणा असला तरी वर्णन चुकीचे नव्हते. प्लास्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चकत्यांना कडेशी भोके पाडायची, त्यांत कड्या ओवायच्या आणि पकडीने दाबून बंद करायच्या. सुई-दोऱ्याचे कामच नाही. सैल करायचे तर चकत्यांची एक ओळ वाढवायची. असा पोशाख जड होतो, थंडीत गार लागतो, चालताना खणखणतो. चिलखत अंग झाकते. हा मात्र चकत्यांमधल्या फटींतून ते दाखवतो. राबानची खरी करामत या उलटापालटीत आहे, धातू वापरण्यात नव्हे. चकत्या, कड्या आणि पक्कड असा संचही त्याने विकायला काढला. घेणारीने आपला पोशाख घरीच जोडावा, ही त्यामागची कल्पना. सैन्याच्या कोठारातून सर्वांना एकसारखे मिळणारे चिलखत इथे जिचे तिने घडवायचे झाले.

लंडनच्या व्हिव्हियन वेस्टवुड या डिझायनरने १९८८ च्या ‘टाइम मशीन’ संग्रहात धातूला हात न लावता जाड लोकरी ट्वीडचे जाकीट केले. त्याचे भाग चिलखतासारखे सांध्यांवर सुटे होत. अलेक्झांडर मॅक्वीन या ब्रिटिश डिझायनरने १९९८ मध्ये चिलखत घालून लढलेल्या जोन ऑफ आर्क या फ्रेंच वीरांगनेवरून केलेल्या संग्रहात कड्यांचे चिलखत पुन्हा आणले. पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी शॉन लीन या दागिने घडवणाऱ्याने ॲल्युमिनियमच्या वेटोळ्यांची काचोळी केली. ती एका मॉडेलच्या अंगाच्या साच्यावर घडवल्याने दुसरीला बसण्यासारखी नव्हती. शिवाय ती स्क्रूने आवळावी लागे, म्हणजे जुन्या सरदाराप्रमाणेच ती चढवायला मदतनीस हवाच.