कार्डाचे सोळा आकडे दुकानातून बाहेर कसे पडले

‘अमुक तारखेपासून जुना एपीआय (दुकानाची साइट आपल्याशी ज्या मार्गानं बोलते तो) बंद’ अशी मेल पेमेंट गेटवेकडून, म्हणजे दुकान आणि बँक यांच्यामधल्या ऑनलाइन पैशांच्या दुव्याकडून, आली की बहुतेक ऑनलाइन दुकानं ती डेव्हलपरकडे ढकलून मोकळी होतात. २०२१-२२ मध्ये भारतातल्या दुकानांना अशा मेल एकामागून एक आल्या. विषय होता ग्राहकांच्या साठवलेल्या कार्डांचा: त्यांचे क्रमांक दुकानांनी यापुढे ठेवायचे नव्हते. त्या बदलामागे तेरा वर्षांचा इतिहास होता. तो माहीत असता, तर तयारी ऐन मुदतीच्या आठवड्यावर आली नसती, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात रिझर्व्ह बँकेच्या १८ फेब्रुवारी २००९ च्या परिपत्रकापासून धरावी लागते. त्याआधी कार्डाचा क्रमांक, मुदतीची तारीख आणि मागचा सीव्हीव्ही एवढ्यावर ऑनलाइन खरेदी होत असे. १ ऑगस्ट २००९ पासून त्याच्या जोडीला आणखी एक पडताळणी सक्तीची झाली. आधी बँकेच्या पानावर टाकायचा पासवर्ड होता, पुढे ओटीपी आला. ग्राहकाच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं. दुकानदाराला मात्र दुसरी चिंता लागली: ग्राहक बँकेच्या पानावर जातो आणि परत येतच नाही. मग निदान सोळा आकडे तरी त्याला पुन्हा टाइप करायला लागू नयेत म्हणून ‘कार्ड सेव्ह करा’ ही सोय सगळीकडे पसरली.

हे साठवणं तेव्हा नियमबाह्य नव्हतं. कार्ड कंपन्यांची पीसीआय डीएसएस ही नियमावली डिसेंबर २००४ पासून होती. क्रमांक साठवा, पण सांकेतिक रूपात. सीव्हीव्ही मात्र व्यवहारानंतर अजिबात ठेवू नका, असं ती सांगत होती. मोठ्या दुकानांनी स्वतःची यंत्रणा उभारली. छोट्यांनी क्रमांक गेटवेच्या तिजोरीत ठेवला आणि स्वतःकडे पावतीसारखा एक संदर्भ क्रमांक ठेवला. या संदर्भालाही गेटवेवाले ‘टोकन’च म्हणत. त्यामुळे २०२१ मध्ये ‘टोकन आणा’ असा आदेश आल्यावर कितीतरी दुकानांना वाटलं, आपल्याकडे तर ते आधीपासूनच आहे!

नव्या अर्थाचं टोकन वेगळं होतं. त्याचा तांत्रिक आराखडा ईएमव्हीको या कार्ड कंपन्यांच्या सामाईक संस्थेनं २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. या पद्धतीत कार्ड नेटवर्क, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे, मूळ क्रमांकाऐवजी दुसराच क्रमांक देतं. तो त्या कार्डाशी आणि त्या एकाच दुकानाशी बांधलेला असतो, आणि प्रत्येक व्यवहाराला सोबत एकदाच चालणारा सांकेतिक कोड लागतो. म्हणून एका दुकानातून चोरीला गेलेलं टोकन दुसरीकडे निरुपयोगी ठरतं. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१९ मध्ये याला परवानगी दिली, पण तेव्हा ती मोबाइल आणि टॅबलेटपुरतीच होती.

खरं वळण आलं १७ मार्च २०२० ला. पेमेंट अ‍ॅग्रिगेटरांसाठीच्या, म्हणजे अनेक दुकानांचे पैसे गोळा करून त्यांना पोचवणाऱ्या कंपन्यांसाठीच्या, रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक तत्त्वांत एक कलम होतं: व्यापाऱ्यानं ग्राहकाच्या कार्डाचा तपशील स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवायचा नाही. आठवडाभरात देश टाळेबंदीत गेला आणि कलमाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढे जानेवारी २०२१ मध्ये जसपे या पेमेंट कंपनीनं कबूल केलं, की आदल्या ऑगस्टमध्ये तिच्या यंत्रणेत शिरकाव झाला होता. पूर्ण क्रमांक फुटले नव्हते, पण अर्धवट झाकलेले क्रमांक बाहेर गेले होते. कार्डांचा साठा जितक्या जास्त ठिकाणी, तितकी धास्ती जास्त, हे यातून सगळ्यांना दिसलं.

७ सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकानं चित्र स्पष्ट केलं. कार्ड देणारी बँक आणि नेटवर्क सोडून कुणीही, म्हणजे गेटवेनंसुद्धा, मूळ क्रमांक ठेवायचा नाही. हिशेब जुळवण्यासाठी फक्त शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवायची मुभा राहिली. मुदत होती १ जानेवारी २०२२. व्यापाऱ्यांच्या विनंतीवरून ती आधी ३० जून आणि मग ३० सप्टेंबर २०२२ झाली. प्रत्येक मुदतवाढीला ‘बघू पुढे’ म्हणणारे होतेच. पण २००९ पासूनचा क्रम पाहिला तर तारीख सरकत होती, दिशा एकदाही बदलली नव्हती.

या स्थलांतरातली सगळ्यात अवघड गोष्ट डेव्हलपरच्या हाताबाहेरची होती. जुनी कार्डं रातोरात टोकनमध्ये बदलणारी स्क्रिप्ट लिहून काम भागणार नव्हतं. प्रत्येक टोकनाला ग्राहकाची स्पष्ट संमती लागत होती, तीही ओटीपीसारख्या पडताळणीसह. आधीच टिक केलेला चौकोन चालणार नाही, असं नियमातच लिहिलेलं होतं. कितीतरी दुकानांच्या चेकआउटवर, म्हणजे पैसे भरायच्या पानावर, तो चौकोन वर्षानुवर्षं टिक केलेलाच होता, कारण तयार टेम्प्लेट तशीच मिळायची. तो रिकामा करणं म्हणजे एका ओळीचा बदल, पण परिणाम मोठा. मुदत संपेपर्यंत जो ग्राहक खरेदीला आला नाही, त्याचं कार्ड पुसलं गेलं. वर्षातून एकदा, आंब्याच्या हंगामात पेट्या विकणाऱ्या दुकानाला सप्टेंबरची मुदत मिळून काय फायदा? त्यांच्या ग्राहकांना एप्रिल-मेमध्येच विचारायला हवं होतं.

दुसरा खड्डा सवलतींचा होता. ‘अमुक बँकेच्या कार्डावर सूट’ किंवा ईएमआयची पात्रता ही क्रमांकाच्या पहिल्या सहा आकड्यांवरून ठरत असे. टोकनाचे सुरुवातीचे आकडे वेगळ्या मालिकेतले असतात, त्यामुळे दुकानाकडच्या जुन्या तक्त्याला बँक ओळखताच येईना. ती माहिती गेटवेकडून वेगळी मागवावी लागली.

टोकन नको असलेल्या ग्राहकाचं काय, याचं उत्तर बराच काळ तयार नव्हतं. जून २०२२ ची मुदतवाढ देताना रिझर्व्ह बँकेनं हेच कारण दिलं, आणि तोवर सुमारे १९.५ कोटी टोकनं तयार झाल्याचंही सांगितलं. २८ जुलैला तोडगा आला: ग्राहकानं हातानं टाकलेला क्रमांक व्यवहारापासून चार दिवस किंवा दुकानाला त्या व्यवहाराचे पैसे चुकते होईपर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवरच ठेवायचा.

दर महिन्याच्या वर्गणीच्या व्यवहारांचे नियम याच सुमारास, १ ऑक्टोबर २०२१ पासून, बदलले. पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना द्यायची अट त्यांत आली. ती कथा स्वतंत्र आहे, पण दुकानांसाठी दोन्ही बदल एकाच वेळी अंगावर आले.

ज्यांची तयारी नीट झाली, त्यांनी कोड उघडण्याआधी आपल्याकडे क्रमांक कुठे कुठे पडून आहेत ते शोधलं. डेटाबेसचा रकाना तर सगळ्यांनाच आठवतो. पण चुका शोधण्यासाठी सुरू ठेवलेल्या सर्व्हर लॉगमध्ये गेटवेला पाठवलेली अख्खी विनंती क्रमांकासकट उतरलेली असते. जुन्या बॅकअपमध्ये असते. ग्राहकानं फोनवर सांगितलेला क्रमांक ऑर्डरच्या शेऱ्यातही सापडतो. गेटवे बदलून यातलं काहीही पुसलं जात नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये आणखी एक पायरी आली: कार्ड देणाऱ्या बँकेकडूनच टोकन तयार करून घ्यायची मुभा. ग्राहक आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये बसून एकदम अनेक दुकानांसाठी टोकन काढू शकतो. म्हणजे आपल्या चेकआउटवर जन्मच न घेतलेलं टोकनही आपल्या कोडला ओळखता आलं पाहिजे. गेटवेच्या पुढच्या एपीआय-सूचनेत आधी हा भाग वाचावा.